काकवीत कालवलेलं औषध

पहिलंच सांगते, कुणाला उमेद वगैरे यावी म्हणून मी हे लिहीत नाही. आजारपणावर लिहिलेलं मी पुष्कळ वाचलंय. त्यात शेवटी सगळे समजूतदार होतात. आमच्या घरात कुणी समजूतदार झालं नाही. मला त्या दिवसांची किळस आली, ती अजून गेलेली नाही. लिहितेय ते एवढ्यासाठी की उद्या एखाद्या आईच्या हातात कुणी मोठ्या माणसाची गोळी ठेवली आणि "मोडून द्या" म्हणालं, तर निदान माझी चूक तिला ठाऊक असावी.

नव्वदनंतरची चार-पाच वर्षं गेली असतील. आम्ही भवानीनगरला साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. हे कारखान्यात फिटर. घरात हे, मी, माझ्या सासूबाई म्हणजे आत्याबाई, आणि पाच वर्षांची पल्लवी.

एक दिवस तिची वेणी घालताना मानेला गाठ लागली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोन बोटांनी चाचपली, "वाढत्या वयात येते," म्हणाले आणि टॉनिक दिलं. दोन महिने पोरगी टॉनिक पीत होती आणि गाठ वाढत होती. संध्याकाळ झाली की अंग कोमट. शाळेचा फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला तेव्हा आम्ही तिला बारामतीला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं.

निदानाचा दिवस

हातावर सुई टोचून झाली, छातीचा फोटो झाला, गाठीतलं पाणी तपासायला गेलं. तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "टीबी आहे."

"अहो, पण ती खोकत नाही," मी म्हणाले. जणू काही त्यांची चूक माझ्या लक्षात आली होती.

"गाठीचा आहे. दुसऱ्याला लागत नाही. बरा होतो. पण नऊ महिने औषध, आणि एक दिवस चुकवायचा नाही." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली. पोरीच्या आयुष्याचं एवढं मोठं काही सांगितलं आणि घंटी! मला अजून तो आवाज आठवला की अंगाचा तिळपापड होतो.

खालच्या मेडिकलवाल्याने लाल कॅप्सूल आणि दोन तऱ्हेच्या पांढऱ्या गोळ्या काढून ठेवल्या. त्यातली एक तर माझ्याच घशाखाली गेली नसती एवढी जाड.

"लहान मुलांचं द्या की," मी म्हणाले.

"ह्यातलं लहान मुलांचं माझ्याकडं येत न्हाय, ताई. मोठ्यांच्याच मोडून द्यायच्या. हिचा चतकोर, हिची अर्धी, आन् कॅप्सूल उघडून निम्मी पावडर."

"निम्मी मोजायची कशानं?"

तो हसला. "अंदाजानं."

अंदाजानं! आमच्याकडे उसाच्या ट्रॉलीचं वजन जरा इकडंतिकडं झालं तर काट्यावर हमरीतुमरी होते. आणि तेरा किलोच्या पोरीचं औषध म्हणे अंदाजानं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खिशातल्या नोटा मोजत होते. एस.टी. स्टँडवर ह्यांनी पल्लवीला मीठ-तिखट लावून पेरू घेऊन दिला. तिने तो सगळा खाल्ला. त्या दिवसात तेवढं एकच बरं झालं.

सकाळ

औषध उपाशीपोटी द्यायचं. म्हणून आमची सकाळ अडकित्त्याने व्हायची. आत्याबाईंच्या सुपारीच्या अडकित्त्यात मी गोळी धरायची. कट्ट करून आवाज आला की एक तुकडा कॉटखाली आणि दुसऱ्याचा चुरा. सारख्या वाटणीचे चार तुकडे मला एकदाही जमले नाहीत. मग ते खलबत्त्यात कुटायचे, कॅप्सूल उघडायची, लाल भुकटी वाटीत ओतायची आणि पाण्यात कालवायची.

ती चव मी घेऊन बघितली आहे. कडू म्हणू नका तिला. कारलं कडू असतं, ते माणूस आवडीने खातं. हे म्हणजे गंजलेलं लोखंड कडुनिंबात उकळल्यासारखं. जिभेवर बसलं की दुपारच्या भाकरीपर्यंत हलत नाही. आणि ते मी पाच वर्षांच्या पोरीचं नाक दाबून तिच्या तोंडात ओतत होते. आत्याबाई तिचे पाय धरायच्या. तिने उलटी केली की सगळं लाल. लाल उलटी, लाल उशी, लाल झालेली माझी बोटं. तिची लघवी नारिंगी व्हायची, घाम लागून फ्रॉकची कॉलर पिवळी पडायची. शी! धुऊन धुऊन हात गेले माझे.

उलटी झाली तर परत द्यायचं का? डॉक्टर म्हणाले होते, अर्ध्या तासात झाली तर परत द्या. म्हणजे परत अडकित्ता, परत नाक. एकदा तिने माझ्या मनगटाला कचकचून चावा घेतला आणि मी तिच्या तोंडात मारली. आजारी पोरीच्या. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

त्यात कॉलनीला कळलं. शेजारच्या बाईने पल्लवीला दूध दिलं ते कडेला ठेवलेल्या जुन्या पेल्यात. वर म्हणाली, "ह्यो पेला तिलाच राहू द्या, न्हायतर आमच्या पोरांना लागंल." आत्याबाई तिथंच बसल्या होत्या. वेगळा पेला म्हणजे काय, हे आमच्या आत्याबाईंना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी लहानपणी त्यातूनच पाणी प्यायलं होतं. त्या उठल्या, दूध मोरीत ओतलं आणि पेला अंगणात भिरकावला. "बाई, असले पेले आमी कवाच मागं टाकून आलोय. परत हातात द्याल तर बघा." त्या बाईशी आम्ही पुढं बोललो नाही, मला त्याचं वाईटही वाटत नाही.

काकवी

युक्ती आत्याबाईंचीच. पल्लवीला काकवी जीव की प्राण. गुऱ्हाळावरून उसाच्या रसाचा तो घट्ट, लालसर पाक आणला की ती बोटाने बरणी पुसून खायची. "आगं, काकवीत कालव की," आत्याबाई म्हणाल्या. "लेकरू चाटून खाईल."

आणि खाल्लं हो! पहिल्या दिवशी तोंड वेडंवाकडं केलं, पण गिळलं. आठवडाभरात ती स्वतः चमचा मागायला लागली. मला तर आभाळ ठेंगणं झालं. रोजचा अडकित्ता नको म्हणून मी रविवारी एका बैठकीत सात दिवसांचं औषध कुटायची आणि काचेच्या बरणीत काकवीत घोटून ठेवायची. रोज मापाचा एक चमचा. किती हुशार आई!

ही हुशारी मी पोटात ठेवली असती तरी चाललं असतं. बारामतीच्या दवाखान्यात बाकावर जवळच्या जळोची गावची शालन भेटली. तिच्या चार वर्षांच्या राणीलाही हाच आजार, हीच औषधं. तिच्या हातावर नखांचे ओरखडे होते. मी तिला काकवीची सगळी कृती सांगितली, प्रमाणासकट. ती म्हणाली, "ताई, देवासारख्या भेटलात."

सहा आठवडे आम्ही सुखात होतो. मग गाठ लाल झाली, मऊ पडली आणि शाळेत जाताना फुटली. वेणीला पू लागला होता. शेजारी दुसरी गाठ उठली होती. वजनाचा काटा मागे सरकला होता.

डॉक्टरांनी पू काढला, पट्टी बांधली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "औषध देताय ना?"

"रोज देते."

"रोज?"

"एक दिवस चुकवला नाही, डॉक्टर."

ते ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "घरी जरा लक्ष ठेवा." मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. आणि परतीच्या एस.टी.त, मांडीवर पोरगी झोपलेली, हे हळूच म्हणाले, "खरंच देत होतीस ना गं?"

मी चार दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. जेवायचं ताट सरकवायची, बस. नवरा नावाच्या माणसाची मला कधी एवढी घृणा आली नव्हती.

दत्तारावांचा प्रश्न

दत्ताराव आमच्या ओळीतच राहायचे. कारखान्याच्या लॅबमध्ये रसाची तपासणी करायचे. पाचव्या दिवशी सकाळी ह्यांना हाक मारायला आले, तर मी बरणीतून चमचा भरत होते.

"वहिनी, ह्ये काय?"

मी सांगितलं. त्यांनी बरणी उजेडात धरली, वास घेतला.

"किती दिवसांचं हाय?"

"रविवारी केलंय."

त्यांनी बरणी ओट्यावर लांब सरकवली. मग म्हणाले, "औषधातलं मला कळत न्हाय. पर आमी लॅबमधी रसाचा नमुना तासभर बी तसाच ठेवत न्हाय. गोड पदार्थ गप बसत न्हाय, वहिनी. आन् त्यात टाकलेलं बी गप बसू देत न्हाय. डॉक्टरला इचारलंत का?"

नव्हतं विचारलं. काकवीचं काय विचारायचं? आमच्या भागात लहान पोराला चूर्ण द्यायचं तर काकवीत, जंताचं औषध द्यायचं तर काकवीत. पिढ्यान् पिढ्या तेच चाललंय. हातातला चमचा मात्र मी परत बरणीत ओतला.

त्याच दिवशी बरणी पिशवीत घालून आम्ही बारामतीला गेलो. डॉक्टरांनी कपाटातून जाड पुस्तक काढलं, बोट फिरवत वाचलं, परत वाचलं.

"ही लहान पांढरी गोळी साखरेत, गुळात कालवून ठेवायची नसते. तिचा जोर कमी होतो. तुम्ही तर आठवडा आठवडा ठेवलीत. बाकीच्यांचं काय झालं असेल सांगता येत नाही."

म्हणजे सहा आठवडे माझी पोरगी नुसती काकवी चाटत होती. आणि मी शेजारी उभी राहून तिला शाबासकी देत होते.

"मग आधी सांगितलं का नाही?" मी ओरडलेच. बाहेर बाकावरच्या बायका वाकून बघायला लागल्या.

"तुम्ही विचारायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

वा रे वा! गोळी बनवणारा म्हणतो आम्ही मोठ्यांसाठी बनवली. विकणारा म्हणतो मोडून द्या. लिहिणारा लिहितो पाव, अर्धी, निम्मी. आणि ते पोराच्या घशाखाली कसं उतरायचं, हे त्या सगळ्या साखळीत कुणाचंच काम नाही. ते बाईचं काम. आणि चुकलं की तिने विचारायला हवं होतं. मी बरणी उचलून परत पिशवीत कोंबली.

मग ते जरा नरमले. म्हणाले, "आता दोन महिने रोज इंजेक्शन. आणि गोळ्या पूर्ण पोटात गेल्याच पाहिजेत. असं अर्धवट होत राहिलं तर औषधं लागू पडायची बंद होतात. मग माझ्याकडे द्यायला काही उरत नाही." हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं.

घरी आल्यावर आत्याबाईंना कळलं तर त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. ह्यांनी त्यांचे हात धरले. संध्याकाळी ह्यांनीच बरणी घासून पालथी घातली.

सीताफळाची बी

परत नाक दाबणं सुरू झालं. आता इंजेक्शनही. गावातल्या दवाखान्यात सिस्टर कंबरेला सुई द्यायची, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. पोरगी बसायची वाकडी, झोपायची पालथी. आणि सकाळी निम्मं औषध फ्रॉकवर. "माझ्याकडे द्यायला काही उरत नाही" हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

एक दिवस ती सीताफळ खाता खाता एकदम रडायला लागली. "आई, बी गिळली! पोटात झाड येईल?"

मी तिला जवळ घेतलं आणि थबकले. सीताफळाची बी! ती घशाखाली गेली आणि हिला कळलंसुद्धा नाही. गोळीचा चतकोर त्याहून बारीक.

"गिळता येतं की गं तुला!" मी म्हणाले. तोवर आम्ही कुणी तिला नुसतं गिळायला सांगूनच बघितलं नव्हतं. कुटायचंच, कालवायचंच.

दुसऱ्या दिवशी भिजवलेला साबुदाणा काढला. एक दाणा जिभेवर मागे ठेवायचा, पाण्याचा घोट घ्यायचा, चावायचा नाही. पल्लवीने चावला. परत चावला. मग आत्याबाई म्हणाल्या, "थांब, मी दावते," आणि त्यांनीही चावला. तेव्हा कळलं की म्हातारी आपली रक्तदाबाची गोळी इतकी वर्षं चावूनच खातेय. "आमाला कुणी शिकिवलंय गिळायला?" त्या म्हणाल्या. पल्लवी खदाखदा हसली. कित्येक आठवड्यांनी हसली. मग आजी-नातीची शर्यतच लागली. साबुदाणा जमला, मग भिजवलेली मुगाची डाळ, मग तुरीची. पल्लवी आजीच्या आधी जिंकली आणि आजीला जीभ दाखवायला लावून तपासू लागली.

राहिला अडकित्ता. त्याचे तुकडे टोकदार, घशाला बोचायचे. दत्तारावांनी एकदा ते लॅबच्या तराजूत घातले. एक चतकोर दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. हे शेजारी उभे राहून बघत होते. चौथ्या दिवशी कामावरून आले आणि खिशातून पितळेची आगपेटीएवढी वस्तू काढून ओट्यावर ठेवली. आत गोळी बसेल असा खळगा, त्यावर अधिक चिन्हासारख्या दोन खाचा. खाचेत ब्लेडचं पातं दाबायचं. मी गोळी ठेवली, दाबलं. चार तुकडे, चारी सारखे.

"तेव्हा एस.टी.त तसं विचारायला नको होतं मी," हे म्हणाले.

"नव्हतंच पायजे," मी म्हणाले. तेवढंच. पण त्या दिवशी ताट सरकवलं नाही, वाढलं.

चतकोराला किंचित तूप लावून पल्लवीने तो पहिल्यांदा गिळला तेव्हा आम्ही तिघं तिच्या उघड्या तोंडात वाकून बघत होतो. जाड गोळीच्या अर्ध्याचेही दोन चतकोर, लागोपाठ. मेडिकलवाल्याच्या डोक्यावर बसून मी पुण्याहून कमी ताकदीची लहान कॅप्सूल मागवली. येत होती हो ती! कुणी मागवत नव्हतं एवढंच. त्यासाठी डॉक्टरांकडून चिठ्ठी बदलून घेतली. लाल उशा संपल्या.

पू आटायला महिना लागला. दुसरी गाठ जिरली. नऊचे अकरा महिने झाले, पण काटा पुढे सरकत राहिला आणि शेवटी डॉक्टरांनी औषध थांबवलं. मानेवर सुरकुतलेली खूण राहिली आहे. ती वेणी घातली की दिसते, म्हणून पल्लवी केस मोकळे सोडते.

जळोची

एक गोष्ट मात्र मी मागे ठेवली होती. शालन. काकवीचं कळलं त्याच दिवशी मी बारामतीत होते, जळोची तिथून हाकेच्या अंतरावर. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले नाही, पुढच्या खेपेला गेले नाही. आधी आपली पोरगी बघू, मग दुसऱ्याची, असं मनाला सांगत राहिले. खरं कारण लाज. पाच आठवडे गेले. डॉक्टरांची, मेडिकलवाल्याची, सगळ्या जगाची किळस करून झाल्यावर मला माझीच यायला लागली.

शेवटी ह्यांनीच एक दिवस तसलंच दुसरं पितळी यंत्र माझ्या हातात ठेवलं. "जळोचीच्या बाईला दे," म्हणाले. मी त्यांना एकदाच, ओझरतं सांगितलं होतं.

घर शोधून काढलं. दारात उभी राहिले आणि आत पाऊल टाकायच्या आधी सगळं बोलून टाकलं. काकवी बंद कर, ती माझी चूक होती, मला पाच आठवड्यांपूर्वीच कळलं होतं.

शालनने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "ताई, काकवी मी आठवड्यातच टाकून दिली. बरणीला मुंग्या लागल्या. तवापासून परत नाक दाबूनच देते."

मी उंबऱ्यावरच बसले. "मग राणी?"

"बरी हाय की. वजन वाढलंय. गाठ दिसत बी न्हाय आता." तिने आतल्या दाराकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "फकस्त माझ्याजवळ येत न्हाय. तिच्या आज्जीकडं झोपती. माझ्या हातचं जेवत न्हाय. मी नुसता हात पुढं केला तरी पळती."

राणी आतल्या दाराआड उभी होती. गोबरी, तेल लावलेली, बरी झालेली पोर. आईला बघून दार आणखी लोटून घेतलं तिने.

मी पितळेचं यंत्र काढून एक गोळी कापून दाखवली. साबुदाण्याचं, डाळीचं सांगितलं, घरून डब्यात आणलेला भिजवलेला साबुदाणा पुढे ठेवला. शालनने ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं, खळग्यात बोट फिरवलं.

"ताई, ही कारागिरी फिटरनं का करायची? औषधाच्या कंपनीवाल्यांनी बारक्या पोरांची बारकी गोळी नको का करायला?"

"त्यांनीच करायला पायजे."

"मग?"

"मग काय, वाटी आण," मी म्हणाले. "आन् तू जरा लांब बस. पहिला दाणा मी देते."